अंगणात ऊन, बाळंतिणीच्या खोलीत अंधार

कड्याला उन्हाची टंचाई आहे, असे कोणी म्हटले तर साऱ्या आष्टी तालुक्यात हसू होईल. टंचाई पाण्याची, ती इथल्या पिढ्यांनी पाहिली आहे. ऊन मात्र अंगणात ओसंडून वाहते. तरीही ज्याला 'उन्हाचे जीवनसत्त्व' म्हणतात, त्या 'ड'ची उणीव आपल्या देशातील आयांमध्ये आणि तान्ह्या बाळांमध्ये मोठ्या प्रमाणात आढळते. हे कोडे घरोघरी समजून घ्यावे असे आहे.

'ड' कमी पडले की खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. बाळाची हाडे मऊ राहतात, टाळू उशिरा भरते, दात लांबतात, चालू लागल्यावर पाय वाकतात. आजीच्या भाषेत हाच मुडदूस. कॅल्शियम फारच घसरले तर तान्ह्याला आकडीही येऊ शकते. 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्यातील अतिनील किरण सोडून त्यांना बरे केले. कातडीवर पडणाऱ्या याच किरणांमुळे शरीरात 'ड' तयार होते.

आता उत्तरेकडचा फिनलंड पाहा. हेलसिंकी शहर 60 अंश अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात ऊन पडले तरी हे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. तिथल्या लोकांनी हे ओळखून सोय केली. बाळाला थेंब, गर्भवतीला गोळी, आणि 2003 पासून दुधातही 'ड' मिसळणे सुरू झाले. ऊन नाही हे ठाऊक असल्यामुळे ते सावध राहिले. आपण मात्र ऊन आहे म्हणून निर्धास्त राहिलो.

त्या निर्धास्तपणाचा हिशेब लखनौच्या डॉक्टरांनी 2005 साली मांडला. त्यांनी 207 गर्भवती तपासल्या, तेव्हा सुमारे 84 टक्के जणींमध्ये 'ड' कमी निघाले. शहरातल्या आणि खेड्यातल्या बायकांत फारसा फरक नव्हता. ज्या आईत 'ड' कमी, तिच्या बाळाच्या नाळेतील रक्तातही ते कमी. बाळाचे खाते आईच्याच शिल्लकेतून उघडते. आईकडेच खडखडाट असेल तर बाळाला कुठून मिळणार? आईचे दूध अमृतच, पण त्यात 'ड' अगदी थोडे असते.

मग हे ऊन अडते कुठे? पदर डोक्यावर, लांब बाह्या, दिवसाचा बराच वेळ चुलीपाशी. शिवाय सावळ्या कातडीला उन्हात अधिक वेळ लागतो. पुढे बाळंतपण आले की सव्वा महिना खिडक्या बंद, कान बांधलेले, खाटेखाली शेगडी. त्यामागची माया खरी आहे. बाळंतिणीला विसावा आणि बाळाला ऊब हवीच. पण धुराने कोंदलेली खोली कशाला हवी? बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची रीतही गोड, मात्र सकाळी सातच्या उन्हात हे किरण नसल्यासारखेच असतात आणि खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. भर दुपारी तान्ह्याला मराठवाड्याच्या उन्हात नेणे धोक्याचे. म्हणून तान्ह्याच्या बाबतीत केवळ उन्हावर भिस्त ठेवून चालत नाही.

उपाय साधा आहे. पहिले वर्षभर बाळाला रोज 400 युनिट 'ड'चे थेंब द्यावेत, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच मोजून द्यावेत. जास्त दिले तर अपाय होतो. गर्भवतीसाठी केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचनांत चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या आहेत. प्रत्येक गोळीत 250 युनिट 'ड' असते. बाळंतपणानंतरही सहा महिने त्या घ्यायच्या असतात. लोहाची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यावी.

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. गावातले उपकेंद्र आणि आशाताई मागे राहतात, पण थेंब रोजचे असतात. निघण्याआधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून पुढच्या महिन्यांची तजवीज करावी. पीठमीठ बांधताना ती लहानशी बाटलीही गाठोड्यात जावी. आई पहाटेच फडात जाणार असेल, तर थेंब कोणी द्यायचे, हे घरातल्यांनी आधीच ठरवून ठेवावे.