उत्तरेकडे झुकलेले निवडुंग

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ताल्ताल गावाजवळ, समुद्रकाठच्या डोंगरउतारांवर कोपियापोआ नावाचे राखी-पांढरे निवडुंग आढळतात. पुष्कळदा एकाच बुंध्यातून अनेक खोडे फुटून त्यांचा झुबका बनतो. नवल असे, की बहुतेक शेंडे उत्तरेकडे झुकलेले असतात!

असे का? पृथ्वीगोल समोर घ्या. ताल्ताल मकरवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून तेथे माध्यान्हीचा सूर्य बाराही महिने उत्तरेकडेच असतो. खोड तिकडे झुकले की शेंड्यावर ऊन सरळ पडते आणि बाजूंवर तिरपे. वाढ होते ती शेंड्याला, फुले येतात तीही शेंड्याला; त्याला ऊब मिळते आणि बाजू मात्र फार तापत नाहीत. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रत्यक्ष मोजून दाखवले आहे. अंगावरचा पांढरा मेणाचा थरही ऊन परतवतोच.

हे अटाकामा वाळवंट. कित्येक वर्षे पावसाचा थेंब नाही. पण शेजारच्या सागरी प्रवाहाचे पाणी थंड असल्याने किनाऱ्यावर दाट धुके येते. तेथील लोक त्याला ‘कामांचाका’ म्हणतात. धुक्याने हवा ओलसर राहते. त्यातून हा निवडुंग आपली रंध्रे रात्री उघडतो, म्हणजे बाष्प कमी उडते.

इतक्या काटकसरीने जगणाऱ्या झाडाची वाढ अतिशय मंद. तरीही हौशी संग्राहकांसाठी ती मुळासकट उपटून चोरली जातात. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी अशी हजारावर झाडे पकडली. त्यांपैकी आठशेहून अधिक २०२१ मध्ये चिलीला परत पाठवण्यात आली.