आजी झाली की मराठी बोलते

सांता क्लारातल्या आमच्या घरात कपाटाचा सगळ्यात खालचा खण माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीचा आहे. त्यात तिचे कपडे नाहीत. बाबाचा जुना टाय, माझी विटलेली बांधणीची ओढणी, काचा काढून टाकलेला चष्मा, चापाची नथ, पट्टा तुटलेली पर्स आणि सहा महिने राहून मार्चमध्ये पुण्याला परत गेलेल्या आजीची सुती शाल, एवढा ऐवज आहे.

एरवी लेक इंग्रजीच बोलते. दिवसाचे आठ तास डेकेअरमध्ये जातात. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. इकडच्या कुठल्याही मराठी आईला हे वेगळं सांगायला नको. पण शाल खांद्यावर आली, चष्मा नाकावर घसरला की तिचा एक हात कमरेवर जातो, आवाज खाली उतरतो आणि ती म्हणते, "अगं, किती वेळ त्या फोनमध्ये डोकं घालून बसशील? चल, चहा टाक." हे 'चहा टाक' मी तिला कधी शिकवलं नव्हतं. पाच मिनिटांनी शाल जमिनीवर पडते आणि लगेच, "आई, व्हेअर इज माय वॉटर बॉटल?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी ओट्याशी उभी होते. गॅस बंद करून नुसती ऐकत राहिले. जी भाषा हिच्यात रुजत नाही म्हणून मी रात्र रात्र तळमळले होते, ती हिच्यापाशी होतीच. तिला बाहेर यायला एक अंग हवं होतं.

हा खेळ आपल्याला नवा नाही. भातुकली मांडून, आईच्या साडीचा बोंगा कमरेला खोचून आपणही खेळलोच की. "तू बाबा हं, मी आई." त्यातलं ते 'हं' मला फार महत्त्वाचं वाटतं. तेवढ्या एका अक्षरात करार होतो: आता जे चालेल ते खोटं खोटं आहे, पण ते खऱ्यासारखं पाळायचं आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये लेनिनग्राडला दिलेल्या व्याख्यानात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. त्यांनी दिलेलं उदाहरण दोन बहिणींचं आहे, एक सात वर्षांची, एक पाच वर्षांची. त्या ठरवतात की आपण बहिणी बहिणी खेळू. आता त्या खऱ्याच बहिणी, पण एरवी तसं वागण्याचा विचार त्यांच्या मनातही येत नाही. खेळ सुरू झाला की मात्र दोघी सारखे कपडे घालतात, हातात हात घालून चालतात. बहीण असणं म्हणजे काय, हे त्यांना खेळताना कळतं. मोठ्यांना हा खेळ मोकाट वाटतो, पण मुलं त्यात स्वतःच नियम घालतात आणि स्वतःच पाळतात. जेवायला चार मिनिटं एका जागी न बसणारी माझी लेक 'पेशंट' झाली की दहा मिनिटं हूं की चूं न करता पडून राहते, कारण पेशंट उठत नसतो.

भाषेच्या बाबतीतलं एक जुनं संशोधन आमच्या घरापासून जवळच, याच सांता क्लारा काउंटीतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झालं आहे. इलेन अँडरसन यांनी १९७७ मध्ये तिथे पीएचडीसाठी लहान मुलांचं बोलणं अभ्यासलं. मुलांच्या हाती बाहुल्या दिल्या आणि कधी घर, कधी दवाखाना, कधी शाळेचा वर्ग असे प्रसंग वठवायला सांगितले. चार वर्षांची मुलंही माणूस बदलला की आवाजाची पट्टी बदलत होती. बाबा खालच्या, जाड आवाजात थेट हुकूम सोडायचे, आईचा सूर वेगळा लागायचा, डॉक्टरचा आणखी वेगळा. कोणी कोणाशी कसं बोलायचं, हे ज्ञान मुलांनी निमूटपणे टिपून ठेवलेलं असतं. रोजच्या बोलण्यात मूल फक्त मूलच असतं, त्यामुळे ते दाखवायची वेळ येत नाही. वेश चढला की येते.

मराठीत तर याला आणखी धार आहे, कारण आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' आहे. इंग्रजीत सगळे 'यू'. आजी झालेली माझी लेक मला तूच म्हणते. पण परवा बाबाचा पांढरा शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबवत डॉक्टर होऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही इथे बसा. जीभ दाखवा." ही क्रियापदं मी पाठ करून घ्यायला बसले असते, तर तिने पळ काढला असता.

वेशाची ताकद दाखवणारा दुसरा प्रयोग २०१७ मध्ये 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आला. त्यात चार आणि सहा वर्षांची १८० मुलं होती. काम अतिशय कंटाळवाणं, दहा मिनिटांचं. आणि कधीही उठून आयपॅडवर खेळायची मुभा. काही मुलांनी मध्ये मध्ये स्वतःला विचारायचं, मी नीट काम करतोय ना? काहींनी स्वतःचं नाव घेऊन विचारायचं. तिसऱ्या गटाने बॅटमॅन, डोरा असं आवडतं पात्र व्हायचं, त्या पात्राची एखादी वस्तू अंगावर चढवायची आणि विचारायचं, बॅटमॅन नीट काम करतोय ना? सगळ्यात जास्त वेळ तिसरा गट कामाला चिकटून राहिला. मोहापासून जरा लांब उभं राहायला मुलांना दुसऱ्या कोणाच्या पायांचा आधार मिळाला, असं मी समजते.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरचे ढीगभर अभ्यास तपासले. अशा खेळामुळेच मूल हुशार होतं, कल्पक होतं, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. त्यातल्या त्यात गोष्ट रचण्याच्या आणि भाषेच्या बाजूने काही आशा दिसली. म्हणून कोणी हा खेळ बुद्धी वाढवण्याचं टॉनिक म्हणून विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. माझ्या लेखी मूल त्यात रमतं, एवढं कारण पुरेसं आहे.

आणि रमण्यासाठी खेळ त्याचाच राहायला हवा. आपल्या वेशभूषा स्पर्धांबद्दल मला इथेच खंत वाटते. बालशिवाजी, झाशीची राणी, ज्ञानेश्वर. पोशाख भाड्याचा, मिशी काजळाची, चार वाक्यं आईने घोकून घेतलेली. मंचावर गेलेलं पोर आईच्या ओठांकडे बघत ती म्हणतं. त्यातलं कौतुक खरं असतं, पण तिथे शिवाजी काय म्हणेल हे मुलाने ठरवलेलं नसतं. ३१ ऑक्टोबरला हॅलोविनसाठी आणलेल्या तयार पोशाखाचंही तसंच: तो एकाच पात्राचा असतो. बांधणीची ओढणी मात्र सकाळी साडी असते, दुपारी नदी, संध्याकाळी बाहुलीची झोळी.

खेळ मुलांच्या हाती राहिला की नियमही तीच ठरवतात. सॅन होजेच्या चिल्ड्रन्स डिस्कव्हरी म्युझियममध्ये मुलांना चढायला खराखुरा अग्निशामक बंब आहे. लेक तिथे जाड कोट घालून चढली, तर सुकाणूवर आधीच एक अनोळखी मुलगा. दोघांची जुंपली. मी पुढे होणार तोच त्यांचं ठरलं: दोन आगी तो विझवणार, मग दोन ही. मी पोचायच्या आत दोघांनी मिळून सायरन सुरू केला होता.

शनिवारी रात्री आम्ही पुण्याला व्हिडिओ कॉल लावतो. तिकडे रविवारची सकाळ असते. गेल्या शनिवारी लेक शाल आणि चष्मा लावूनच समोर बसली. तिकडे खरी आजी, इकडे ही.

"काय गं, गोळी घेतलीस का सकाळची?" हिने विचारलं.

आजी क्षणभर गप्प राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "नाही घेतली."

"आधी दोन घास खा. मग घे. मी बघतेय हं."

आजी उठली. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची दिसत होती आणि स्वयंपाकघरातून डबा उघडल्याचा आवाज येत होता.