गॅस भरण्याआधी तेल विचारा

इलेक्ट्रिक गाडीचा एसी गार करेना, की गॅरेजवाल्याचा पहिला शब्द ठरलेला: ‘गॅस संपला असेल, भरून टाकू.’ जरा थांबा. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे.

आधी केबिन फिल्टर काढून पाहा. धुळीने काळाकुट्ट झाला की झोत मंदावतो. झोत जोरदार पण कोमट असेल, तर संशय कंडेन्सरवर, त्याच्या पंख्यावर किंवा गॅसवर. फास्ट चार्जिंग चालू असताना गारवा कमी झाला, तर तो बिघाड नसेलही. बऱ्याच गाड्यांत तोच गॅस बॅटरीही थंड करतो, आणि गाडी आधी बॅटरीला जपते.

खरी मेख तेलात आहे. इथला कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, शेकडो व्होल्टच्या मोटरवर फिरतो. मोटर त्याच गॅस-तेलात न्हालेली. म्हणून बहुतेक गाड्यांत वीज वाहू न देणारं पीओई तेल असतं. पेट्रोल गाडीचं पीएजी तेल त्यात थोडं जरी मिसळलं, तरी इन्सुलेशन घसरतं आणि गाडी सुरू व्हायलाच नकार देऊ शकते.

ते शेकडो व्होल्ट वाहणाऱ्या नारिंगी केबलला स्वतः हात लावू नका. आणि मेकॅनिकने गॅसचं मशीन जोडण्याआधी एवढंच विचारा: या मशीनमध्ये याआधी कुठलं तेल होतं?