आडव्या शहराचा दुसरा कॅमेरा

चंदीगढवर लेख पाठवा आणि छायाचित्रेही स्वतःच काढा, अशी आज्ञा संपादकमहाशयांनी केली, तेव्हा ज्या लायका एम-3च्या भरवशावर मी होकार देऊन बसलो तो माझ्याजवळचा एकुलता एक कॅमेरा आहे आणि त्याच्या तोंडावर पन्नास मिलिमीटरचे भिंग वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे, या दोन्ही गोष्टींचा मला सोयिस्कर विसर पडला होता. आठवण करून दिली ती तिथल्या सचिवालयाने. ही इमारत 254 मीटर लांब आहे. पन्नासच्या भिंगातून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकटीत घ्यावयाची तर त्रैराशिकाच्या हिशेबाने साडेतीनशे मीटर मागे हटावे लागते, आणि हटता हटता आधी झाडे, मग मातीची टेकाडे आणि अखेरीस बंदूकधारी शिपाई आड येतो. एकवीस मिलिमीटरच्या भिंगाला तेच काम दीडशे मीटरवरून साधते. विस्तीर्ण कोनाचे भिंग पाहिजे, हे त्यामुळे उघडच होते; परंतु त्यासाठी कॅमेराच दुसरा का पाहिजे, हे उमजायला सेक्टर 22मधील एका बूथची पायरी चढावी लागली.

शहराचा दप्तरी इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. 1951 साली वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांच्याकडे शहर उभारण्याचे काम आले. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे इथेच मुक्काम ठोकून 1965पर्यंत राबले. 2016 साली सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय यांचे कॅपिटॉल संकुल जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. शहर उभारणाऱ्या पहिल्या भारतीय वास्तुविशारदांच्या तुकडीत जे. एस. देठे आणि ए. आर. प्रभावळकर अशी दोन नावे आढळतात, ती वाचून मराठी माणसाची मान क्षणभर ताठ होते, आणि त्यांच्याविषयी मराठीत काही वाचल्याचे आठवत नाही हे जाणवून लगेच खालीही जाते. कोर्ब्युझिए यांचे छायाचित्रकार ल्युसिएँ एर्वे यांनी या इमारतींची जी चित्रे घेतली, त्यांत विस्तार दाखविण्याचा अट्टाहास फारसा नाही. रोलायफ्लेक्सची चौकोनी प्रत घ्यावी, कात्रीने निर्दयपणे छाटावी आणि सावलीची एक तिरपी पट्टी तेवढी शिल्लक ठेवावी, ही त्यांची रीत. ती मला मान्य आहे. पण तशी कात्री चालविण्याचे धैर्य माझ्या हातात नाही.

चंदीगढला बोळ नाहीत, म्हणून बोळातले दुकानही नाही. ठरावीक मापाच्या लहानशा दुकानाला सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडीही ‘बूथ’ म्हणतात, आणि त्याहून मोठ्याला ‘एससीओ’ (शॉप-कम-ऑफिस). अशाच एका बूथमध्ये, घड्याळांच्या पट्ट्या आणि मोबाइलची आवरणे यांच्या गर्दीत, एक वृद्ध सरदारजी कॅमेरे दुरुस्त करतात. माझा लायका त्यांनी हातात घेतला तो, एखाद्या वैद्याने नाडीवर बोटे ठेवावीत तसा. भिंग उतरवून त्यांनी कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूस असलेला एक इवलासा रूळ मला दाखविला आणि नखाने तो हलकेच आत दाबला. भिंग फिरविले की त्याच्या पाठीची कडा या रुळाला मागेपुढे ढकलते. रुळाची दांडी आतली काचव्यवस्था हलविते. आणि छोट्या खिडकीतून आलेले दुसरे, फिकट प्रतिबिंब मोठ्या खिडकीतल्या मुख्य प्रतिबिंबावर सरकत सरकत येऊन, दोघांचे एक झाले की अंतर बिनचूक ठरते. या दोन खिडक्यांमधील अंतर एम-3मध्ये सुमारे 69 मिलिमीटर आहे. माणसाच्या दोन डोळ्यांतही साधारण तितकेच असते.

रुळाच्या आत एक विकेंद्री स्क्रू असतो. तो केसभर फिरला तरी अनंताचे गणित बिघडते, आणि माझ्या कॅमेऱ्यात पूर्वीच्या कोणा कारागिराने तो केसभर नव्हे, चांगला दोन केस फिरवून ठेवला होता. तो जागेवर आणण्याची सरदारजींची तऱ्हा मोठी रम्य निघाली. दिवसा त्यांनी कामाला हातच लावला नाही. तिन्हीसांज झाल्यावर मला बूथच्या गच्चीवर नेले, उत्तरेकडच्या डोंगरावर कसौलीचे दिवे लागेपर्यंत थांबविले आणि त्यांतला एक दिवा धरून, डोळा खिडकीला व बारीक पेचकस रुळाला लावून, एका दिव्याचे दोन दिसत होते ते पुन्हा एक होईपर्यंत अगदी श्वास रोखून स्क्रू फिरविला. "लो बाऊजी, अब अनंत अपनी जगह पर है," असे ते म्हणाले. एवढा मोठा दावा इतक्या साध्या सुरात केलेला मी दुसरा ऐकलेला नाही.

मग मी एकवीस मिलिमीटरच्या भिंगाची गोष्ट काढली आणि त्यांनी कपाळाला आठी घातली. एम-3 हा 1954 सालचा कॅमेरा. त्याच्या खिडकीतून जग जवळजवळ मूळ आकाराचे, 0.91 पट दिसते, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते आणि हेच त्याचे ऐश्वर्य आहे. पण जी खिडकी जग मोठे दाखविते तिच्यात जग थोडेच मावणार. तीत पन्नास, नव्वद आणि एकशे पस्तीस यांच्याच चौकटी उमटतात. साध्या पस्तीससाठीसुद्धा लायकावाल्यांना भिंगाला खिडक्यांपुढे येणारा चष्मा जोडून द्यावा लागला. हा दोष ओळखून त्यांनी 1957 साली एम-2 काढला, त्याची खिडकी 0.72 पट, चौकट पस्तीसची. अठ्ठावीसची चौकट यायला 1980चे दशक उजाडले. एकवीसला मात्र या घराण्याने खिडकीत जागा दिली नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळी नळी बसवा, एका भोकातून अंतर पाहा, दुसऱ्यातून चित्र पाहा, हा त्यांचा तोडगा.

जपानच्या कोसिना कारखान्याने फोइग्टलेंडर या नावाने जे बेसा कॅमेरे काढले, त्यांतल्या आर-4मध्ये एकवीसची चौकट खिडकीतच आहे. त्यासाठी जग 0.52 पट लहान केले आणि दोन खिडक्यांमधील अंतरही 37 मिलिमीटरवर आणले. (मूळ फोइग्टलेंडर पेढी व्हिएन्नात 1756 साली निघाली, तेव्हा छायाचित्रणाचा शोध लागायचा होता आणि पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता.) अंतर मोजण्याची अचूकता या दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरते: एम-3चा गुणाकार बासष्टच्या पुढे जातो, आर-4चा जेमतेम एकोणीस. ही घट ऐकून मी हळहळलो, आणि सरदारजी हसले. कारण भिंग जितके रुंद तितकी अंतराची चूक क्षम्य. एकवीसचे भिंग आठच्या छिद्रावर ठेवून अंतर एक मीटर त्र्याऐंशीच्या आसपास कायम केले, की हाताच्या अंतरापासून क्षितिजापर्यंत सारे स्वच्छ येते. मग मोजायचे काय? आणि एक मीटर त्र्याऐंशी ही तर कोर्ब्युझिए यांच्या मोडुलोर-पुरुषाची उंची, ज्या मापावर या शहराच्या कितीतरी भिंती, कठडे आणि खिडक्या बेतल्या आहेत. हा केवळ योगायोग आहे हे मला कळते, तरी तो हिशेब मी कागदावर तीनदा करून पाहिला.

या तर्काची दोरी शेवटपर्यंत ओढली आणि आर-4चा मोह सोडून मी 1999 सालच्या बेसा-एलवर येऊन थांबलो. त्याला अंतरमापकही नाही आणि पाहायला खिडकीही नाही. आत प्रकाशमापक आहे, धातूच्या पात्यांचा पडदा आहे आणि भिंग फिरवून बसवायला जुने स्क्रूचे तोंड आहे. डोक्यावर एकवीसची नळी बसविली की काम भागते. एका म्हाताऱ्या हौशी गृहस्थाकडून तो मिळवून मी मोठ्या उत्साहाने बूथवर नेला. सरदारजींनी भिंग काढले, आत डोकावले, रूळ शोधला, तो नाही असे पाहून कॅमेरा उलटा करून पुन्हा शोधला आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "बाऊजी, इसमें मेरा काम क्या है?"

ज्या अडचणी ऐकून होतो त्या पुढे एकामागून एक हजर झाल्या. कॅपिटॉलमध्ये मनास येईल तेव्हा शिरता येत नाही. ओळखपत्र दाखवून, नोंद करून, ठरावीक वेळी वाटाड्याबरोबर जावे लागते, आणि दोन राज्यांचा व एका न्यायालयाचा बंदोबस्त तिथे एकाच वेळी तैनात असल्यामुळे, इथे उभे राहा व इकडे कॅमेरा वळवू नका, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सूर्य कलून विधानभवनाच्या वर वळलेल्या छपराखाली सावली उतरते त्या घटकेला वाटाड्याची पाळी संपलेली असते. एकवीसचा कोन काटकोनाहून किंचित मोठा. कॅमेरा तसूभर वर केला की उच्च न्यायालयाचे तिन्ही रंगीत स्तंभ मागे कोसळू लागतात, म्हणून तो पाणसळीत धरावा लागतो. आणि पाणसळीत धरला की अर्धी चौकट तापलेल्या काँक्रीटच्या रिकाम्या फरशीने भरून जाते. ती फरशी हाच या जागेचा खरा विषय असावा, अशी शंका मला चौथ्या रोलनंतर आली. तोवर रोल संपत आले होते. गावात फिल्म मागितली की दुकानदार आधी चेहरा पाहतो. धुवायला मी दिल्लीला पाठवीत होतो, आणि पाकीट परत येईपर्यंत काय चुकले ते मला कळत नव्हते.

पहिले पाकीट आले तेव्हा बेसाची चित्रे ठीक होती. लायकाच्या मात्र प्रत्येक निगेटिव्हवर, उजव्या कोपऱ्याजवळ, त्याच जागी एक काळा ठिपका होता. मी तसाच बूथवर गेलो. सरदारजींनी भिंग काढले, पाठीची झडप उघडली, पडद्यामागे बॅटरी धरली आणि दिवा मालवून मला पाहायला सांगितले: काळ्या पडद्यात एक लखलखीत तारा. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. कापडी पडदा थेट भिंगामागे उभा असतो. कॅपिटॉलमधील ओपन हँड या स्मारकाच्या खळग्यात, एकवीसच्या नळीतून पाहण्यात मी गुंग असताना, लायका छातीवर आकाशाकडे तोंड करून लटकत होता, भिंग उघडे होते, आणि दुपारच्या सूर्याने भिंगाचा उपयोग, लहानपणी आपण वाळल्या पानावर करतो तसा केला होता.

काळ्या रबरी द्रावणाचा थेंब लावून पडद्याचे ते भोक बुजविता येते, पण कापड जुने आहे, थेंब धरला नाही तर पडदाच बदलावा लागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी पावती लिहून दिली. पुढच्या आठवड्याची तारीख होती. नंतर तिच्यावर दोनदा खाडाखोड झाली. लेखासोबत पाठविलेली सर्व चित्रे बेसाची आहेत. लायका अजून त्या बूथच्या खणात, घड्याळांच्या पट्ट्यांखाली आहे.