हृदयविकाराचा झटका : घरी परतल्यानंतरचे वर्ष

हृदयविकाराच्या रुग्णास घरी सोडतेवेळी बिलाच्या खिडकीपाशी नातेवाईक हमखास विचारतात, "साहेब, आता धोका टळला ना?" गतवर्षी मी स्वतः या विकारातून गेलो असल्याने या प्रश्नाचे महत्त्व जाणतो.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणारी धमनी गुठळीमुळे बंद पडली की स्नायूचा तेवढा भाग मृत होऊ लागतो. अँजिओप्लास्टीने रक्तप्रवाह पूर्ववत होतो. मात्र इजा झालेला भाग भरून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. धमनीत बसविलेला स्टेंट ही शरीरास परकी वस्तू असल्याने त्यावर पुन्हा गुठळी होऊ शकते. म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीने गुठळी रोखणारे दुसरे औषध सामान्यतः वर्षभर घ्यावे लागते. छातीत दुखत नाही, म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबविणे जिवावर बेतू शकते.

मला वेदनेपेक्षा भीतीने अधिक ग्रासले. जिना चढताना पाय अडखळत, रात्री झोप लागत नसे. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे रोजचे चालणे वाढवीत गेलो, तशी भीती ओसरली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. तथापि घरी गेल्यावर दरमहाच्या औषधांचा खर्च सुरूच राहतो आणि ओढगस्तीच्या संसारात प्रथम कात्री लागते ती गोळ्यांनाच. एका गरजू रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांचा भार उचलणे, हेही शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे दान आहे, हे देणगीदारांच्या नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.