गाडी, पेला आणि तीस मिलिग्रॅमचा कायदा

लग्नसराई जवळ आली की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा तरुण असतो आणि मिस्सा आटोपून माणसे पांगली की मगच तो जवळ येतो. "फादर, गाडी चालवायची असेल तर कायद्याने किती घेतलेली चालते?" उत्तर एका वाक्यात देता येते. पण त्या एका वाक्याचा लोक भलताच अर्थ काढतात, असे आमच्या ध्यानात आले आहे. म्हणून एरवी खते, बियाणी आणि बाळंतिणीचा आहार यांना दिलेली ही जागा आज ह्या विषयाला देत आहोत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा होतो. १०० मिलिलिटर म्हणजे चहाचा एक लहान कप. ३० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर मिठाचा जेमतेम दहावा हिस्सा. हा कायदा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला तेव्हा त्यात हा आकडा नव्हताच; रक्तात मद्यार्क कितीही अल्प प्रमाणात आढळला तरी गुन्हा, असे शब्द होते. तीस मिलिग्रॅमची मर्यादा १९९४ च्या दुरुस्तीने आली. आकडा आला आणि लोकांनी त्याचा अर्थ 'तेवढी परवानगी मिळाली' असा घेतला. आमच्या मते सारा घोटाळा इथेच आहे. ती गुन्ह्याची खूण आहे, परवानगीचे माप नव्हे.

आता हे माप आपल्या घरगुती भाषेत मांडून पाहू. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. हा मद्यार्क शरीरातल्या पाण्यात मिसळतो. चरबीत तो फारसा जात नाही. एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ च्या सुमारास ह्याचे गणित बसवून दिले आणि आजही न्यायवैद्यकात तेच वापरतात. त्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या पुरुषाने उपाशीपोटी एक मोठा पेग घेतला तर त्याच्या रक्तात ४५ ते ५० मिलिग्रॅमपर्यंत मद्यार्क चढू शकतो. एका पेगातच मर्यादा ओलांडली! लहान पेग, म्हणजे ३० मिलिलिटर घेतला तर तो काठावर येऊन उभा राहतो. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, वजनही बहुधा कमी, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातला आकडा अधिक चढतो.

आमच्या ह्या सीमाभागात ९० मिलिलिटरची कागदी पाकिटे मिळतात. एक पाकीट रिकामे केले की आकडा सत्तरच्या आसपास जातो. क्वार्टर संपवली तर १४० ते १५०. "आम्ही दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे. सात-आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळजवळ दोन मोठे पेग. काजूच्या हंगामात गोव्याकडून येणाऱ्या उर्राकचीही हीच कथा. ते फेणीपेक्षा सौम्य खरे; पण म्हणूनच लिंबू आणि लिम्का घालून ग्लासावर ग्लास रिचवले जातात, आणि पिणाऱ्याला आपण सरबतच पितो आहोत असे वाटत राहते.

(एका वाचकाने आम्हालाच चिमटा काढला आहे: फादर मिस्साचा द्राक्षारस घेऊन स्कूटरवरून दुसऱ्या गावच्या मिस्साला जातात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. कालिसातला घोट लहान असतो आणि त्याने रक्तातला आकडा पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. तथापि घोट घेतल्यानंतर पहिली काही मिनिटे तोंडातच मद्यार्क रेंगाळतो आणि यंत्र फसू शकते. म्हणून यंत्रापुढे उभे राहण्याआधी पाव तास जाऊ देणे शास्त्राला धरून आहे. दोन-तीन मिस्सा असलेल्या रविवारी आम्ही द्राक्षारस थेंबाथेंबाने ओततो, हेही सांगून टाकतो.)

चढलेला आकडा उतरतो कसा, हे त्याहून महत्त्वाचे. हे काम यकृताचे आहे आणि यकृत घाई करीत नाही. तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम ही त्याची चाल. कोणाची १०, कोणाची २०. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, जबरदस्तीची उलटी, यांपैकी कशानेही ही चाल वाढत नाही. कॉफीने झोप उडते, म्हणजे झोपाळू पिणाऱ्याच्या जागी जागा पिणारा मिळतो, इतकेच. वेलदोडा, बडीशेप आणि पान खाऊन पोलिसाच्या नाकाला चकवता येईल; पण यंत्र तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणारी हवा मोजते, आणि ती हवा थेट रक्ताची बातमी देते.

हे एकदा समजले की रोसाच्या रात्रीचा हिशेब मांडता येतो. मध्यरात्री क्वार्टर संपवून झोपलेला मनुष्य सकाळी सात वाजता उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, आपण शुद्धीवर आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याच्या रक्तात त्या वेळी ४० च्या आसपास मद्यार्क शिल्लक असतो. नवरीकडच्या मंडळींना घेऊन येणारा टेंपो हाच चालवणार असतो. दुधाच्या कॅनची गाडी हाच नेणार असतो. आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून पहाटेच्या धुक्यात कारखान्याच्या रांगेत जाण्याची घाईही ह्यालाच असते. ट्रॅक्टरला हा कायदा लागू नाही असा एक समज आमच्याकडे पक्का रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. कायद्याच्या लेखी ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे, आणि स्कूटरही. बैलगाडीवाल्याला हे कलम लागत नाही. पण त्याचे बैल निदान शुद्धीवर असतात.

"थोडी घेतली तर माझा हात जास्त स्थिर राहतो," असे म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलीस खात्यात काम केलेले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये श्वास मोजणारे यंत्र बनवले. पुढे मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी अपघातात सापडलेले सुमारे सहा हजार चालक आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणारे सुमारे साडेसात हजार चालक यांची तुलना केली. तो अभ्यास १९६४ मध्ये बाहेर आला. रक्तातला मद्यार्क वाढत जातो तसा अपघाताचा धोका वाढतो, आणि ८० च्या पुढे तर झपाट्याने, हे त्यातून दिसले. इंग्लंडने १९६७ च्या कायद्यात ८० चीच मर्यादा धरली, ती तिथे अजून आहे. स्कॉटलंडने मात्र २०१४ मध्ये ती ५० वर आणली. नॉर्वेने तर १९३६ मध्येच ५० चा आकडा कायद्यात घातला होता आणि आता तिथे २० आहे. गोव्याची कित्येक कुटुंबे स्विंडनला जाऊन राहिली आहेत, कित्येकांची मुले आखातात गाड्या चालवतात. इंग्लंडमधल्या भावाला चालते ते इथे आल्यावर चालणार नाही, आणि अमिरातीतल्या चालकाला तर थेंबही माफ नाही, एवढे घरच्यांनी फोनवर सांगून ठेवावे.

थोड्या दारूने प्रथम हात कापत नाहीत. प्रथम जाते ते दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याचे सामर्थ्य. चोर्ला घाटात रात्री समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात, कडेला गुरे बसलेली असतात, वळण उतरते असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. पाय ब्रेकवर अर्धा सेकंद उशिरा पडला तरी सात मीटर गेलेच. घाटात सात मीटर म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. सर्दीची गोळी घेऊन वर पेला घेणाऱ्याचे तर बोलायलाच नको. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी आधीच झापड येते.

आता पकडले गेल्यावर काय होते ते पाहू. गणवेशातला पोलीस संशयावरून श्वासाची चाचणी मागू शकतो. "मी फुंकणार नाही" म्हणून सुटका होत नाही. दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर नकार देणाऱ्यालाही वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि कारण नसताना दिलेला नकार पुढे कोर्टात त्याच्याच विरुद्ध जातो. अटकेनंतर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. हा चालकाचा हक्क आहे आणि तोही माहीत असावा. सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, तो मॅजिस्ट्रेटपुढेच जातो. म्हणून रस्त्यावर कोणी 'मिटवून टाकू' म्हणाले तर ते पैसे दंडाचे नव्हेत एवढे समजावे. परवानाही निलंबित होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना किमान तीन महिन्यांचे निलंबन करण्यास सांगितले आहे. ज्याची चूल ड्रायव्हिंगवर पेटते त्याला तीन महिने म्हणजे काय?

जीव गेला तर प्रकरण ह्या कलमावर थांबत नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. एकविशीतला तो चालक. त्याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क होता. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षांची शिक्षा केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना हाच मुद्दा शिकलो होतो: मद्यपीने शुद्ध नसताना केलेल्या कृत्याची जबाबदारी त्याने शुद्धीत असताना उचललेल्या पहिल्या पेल्यापर्यंत मागे जाते, कारण पुढे काय घडू शकते हे त्याला तेव्हा दिसत होते. प्राचीन ग्रीसमध्ये मायटिलीनीच्या पिटाकसने तर दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला अधिक शिक्षा ठरवली होती, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी दोन होती.

विम्याच्या भरवशावर राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका महागड्या गाडीच्या दाव्यात असे ठरवले की रक्ताची किंवा श्वासाची चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून चालक नशेत होता हे दिसले तर कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते. समोरच्या जखमी माणसाला कंपनीने पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा राहतो. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीत तर नशेत गाडी चालवणे हे कंपनीच्या बचावाचे कारण म्हणून स्पष्ट लिहिले आहे. ट्रॅक्टर बापाच्या नावावर, चालवणारा मुलगा, आणि वसुली सात-बाऱ्यावर, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. मुलगा जगला होता. जमीन राहिली नाही, आणि बाप-लेक एका ताटात जेवेनासे झाले.

शेवटी यजमानांशी बोलायचे आहे, कारण पिणाऱ्याला सारेच बोलतात. कायद्याचे कलम १८८ सांगते की असा गुन्हा करायला चिथावणारा किंवा मदत करणाराही त्याच शिक्षेला पात्र आहे. प्यालेल्या पाहुण्याच्या हाती समजून-उमजून किल्ली ठेवून "हळू जा हो" म्हणणाऱ्या काकांनी ह्याचा विचार करावा. मांडवात "अरे, एवढ्याने काय होते, अजून एक घे" हा आग्रह आपल्याकडे प्रेमाचा समजतात. लाडू वाढताना तो शोभतो. येत्या हंगामात लग्न ठरलेल्या घरांनी दारूचा खर्च मांडताना त्याच वहीत एका भाड्याच्या गाडीचा आणि न पिणाऱ्या ड्रायव्हरचा खर्च मांडावा. एका खोक्याच्या किमतीत तो बसतो. लांबून येणाऱ्यांसाठी चार चटया जास्त ठेवाव्यात. किल्ल्या गोळा करण्याचे काम घरातल्या एखाद्या आजीकडे द्यावे, कारण तिच्याशी हुज्जत घालायला कोणी धजत नाही. मांडवात शिरतानाच किल्ली तिच्या परडीत पडली पाहिजे, पेला हाती येण्याआधी. आणि ती परत द्यायची ती दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर, पहाटे नव्हे.