मोकळी दिसते, पण कुणाची? परभणी जिल्ह्यात ऑफ-रोड गाडीसाठी जागा शोधताना

फोर-बाय-फोर गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो, ती चालवायची कुठं? आज आपण हा प्रश्न परभणी जिल्ह्यापुरता घेऊ. एक गोष्ट आधीच सांगतो: मोकळी दिसणारी जमीन बिनमालकाची नसते. म्हणून शोध गाडीतून नाही, कागदातून सुरू करायचा.

आपल्याकडं लोक सहज उतरतात ते नदीपात्रात. गोदावरी, पूर्णा, दुधना. पात्र सरकारच्या मालकीचं. शिवाय वाळूचा प्रश्न आहे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना वाळू नेणारी वाहनं जप्त होतात. तुमच्या गाडीत वाळू नसेलही, पण रात्री पात्रात दिसलेल्या गाडीला आधी उत्तरं द्यावी लागतात. येलदरी धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीनही रिकामी समजू नका. तिथं गाळपेर होते, म्हणजे कुणाचं तरी पीक उभं राहतं.

दुसरी जागा गायरान. ते गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेलं असतं. सरपंच "जा की" म्हणाले तरी वापर बदलायचा अधिकार त्यांचा नाही.

तिसरी जागा जंगल. जिंतूरकडचे डोंगर बघून मोह होतो. पण राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. डोंगर उघडाबोडका असला तरी तो वनजमीन असू शकतो. गावातल्या वनजमिनी गाव नमुना १-अ मध्ये नोंदवलेल्या असतात. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडं तो बघायला मागा.

मग उरतं काय? दोन गोष्टी. एक, गाव नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग. तो नकाशात असेल तर त्यावरून जाता येतं, पण वाट सोडून बाजूला उतरायचं नाही. मात्र कलम १४३ खाली तहसीलदारांनी बांधावरून दिलेली वाट वेगळी. ती शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी असते, आपल्या सहलीसाठी नव्हे.

दोन, खासगी माळरान. सगळ्यात खात्रीची जागा हीच. सातबारा काढा. त्यावर जेवढे सहहिस्सेदार, तेवढ्यांची संमती घ्या. एका भावानं हो म्हटलं आणि दुसरा आडवा आला, असं पुष्कळदा होतं. संमती लेखी असावी: गट क्रमांक, तारीख, गाड्या किती, नुकसान झालं तर भरून कोण देणार. एका दिवसाची परवानगी वेगळी. तिकीट लावून कायमचा ट्रॅक केला, तर तो बिगरशेती वापर झाला. त्याला वेगळी परवानगी लागते.

विम्याचे कागदही वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी सहसा विम्यात बसत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

आता हंगाम. पावसाळ्यात आपली काळी जमीन चाक सोडत नाही आणि चाकोरी पडली की ती शेतकऱ्यालाच निस्तरावी लागते. रब्बी निघाल्यावर मुरमाड माळ बरा. पण तेव्हा गवत वाळलेलं असतं. तापलेला सायलेन्सर गवतावर टेकू देऊ नका, पाणी सोबत ठेवा.

आणि बांध ओलांडू नका. बांध फुटला तर पहिल्या पावसात माती वाहून जाते, वर दोन शेजाऱ्यांत भांडण लागतं. आपण संध्याकाळी घरी परततो, ती माणसं तिथंच राहतात. संमतीचा कागद आपल्या बचावासाठी आहेच, पण पुढच्या खेपेला त्याच माळावर "या" म्हणून बोलावणं यावं, यासाठीही आहे.